खिळे सरळ करताना

हौशीराम सुतार पहिल्या दिवशी
हातात करवत देत नाही.
पत्र्याचा डबा पुढं सरकवतो,
वाकड्या खिळ्यांनी भरलेला,
आणि रुळाचा वीतभर तुकडा.
"सरळ कर. बोटं सांभाळ.
घाईनं मारलास तर दुसऱ्या अंगाला वाकतो."

आठ वर्षं मी चाकणला पेट्या फोडल्या.
कंत्राटी. निळा शर्ट, पहाटेची बस.
समुद्रापलीकडची यंत्रं
पाइनच्या फळ्यांत निजून यायची.
पहार घालायची, कडाड्,
यंत्र आत, लाकूड बाहेर ढिगावर.
एका सोमवारी गेटवर माझं कार्ड वाजलं नाही.
ढिगाचं पुढं काय होतं
हे तोवर मी कुणाला विचारलं नव्हतं.

ढीग इथं येतो, पाईटच्या चढावर,
टेम्पोतून, किलोच्या भावानं.
सोबत जुन्या बाजारातले कब्जे, गंजून बसलेले,
बंद पडलेल्या टॉकीजचं एक दार,
ज्यावर 'बाल्कनी' अजून वाचता येतं,
उसाच्या पाळीतनं निवृत्त झालेले पाइप
आणि फ्लेक्स, भावी कुणीतरी हात जोडलेला.
"ह्याला आतल्या अंगानं लाव," हौशीराम म्हणतो,
"पावसाची झड अडवंल.
शेळ्यांना काय, त्या कुणालाबी बघत्यात."

रंधा तो जपून चालवतो.
आधी फळीवर तळहात फिरवतो,
खिळ्याचं मोडकं टोक लपलंय का बघतो.
पात्याची धार गेली तर दिवस गेला.
खांबांच्या बुडख्यांना जळकं ऑइल पाजतो,
वाळवीसाठी शिवी देतो, मग ओळंबा सोडतो
आणि ओळंबा थांबेपर्यंत
तोंडातली तंबाखूसुद्धा चघळत नाही.

रौंधळांच्या मळ्यात शेळ्यांचा गोठा होता.
मच्छिंद्र रौंधळ मोबाइलवर हिशेब मांडत म्हणाला,
"दार कंबरेएवढं बास. शेळीच जाणार ना?
लाकूड वाचंल."
हौशीराम काही बोलला नाही.
बांधावरून मच्छिंद्रची आई येत होती, सोनाबाई,
डोक्यावर मेथीघासाचा भारा.
"मावशे, जरा हितं उभी ऱ्हा. भारा उतरू नगं."
ती उभी राहिली, वैतागून, मान ताठ.
त्यानं भाऱ्याच्या वर चार बोटं धरली,
पाइपावर पेन्सिलीनं रेघ मारली.
"झालं. जा."
मच्छिंद्र म्हणाला, "अहो, पण शेळ्या..."
"शेळ्या दोनदा जात्याल. ही धा येळा जाईल."

दुपारी भाकरी खाऊन
तो एका फळीवर अडकला.
कडेला अर्ध्या चंद्रासारखा खोल चेचलेला डाग.
अंगठा घालून बघितला, अंगठा बरोबर बसला.
"कुणी फोडलीय ही? हात चुकलाय गड्याचा.
अक्का जोड बिघडवून ठेवलाय."
मी खिळा ठोकत राहिलो.
पहार मला ओळखू आली असती.
फळी त्यानं फेकली नाही.
डाग वर येईल अशी गव्हाणीला बसवली,
"पाण्याची बादली टेकवायला बरी हाय."

चौथ्या दिवशी पत्रे चढले.
'बाल्कनी' दार आम्ही कापलंच नाही,
रेघेला बरोबर पुरलं, वरती दोन बोटं जास्तच.
एका फळीवरचा बाण, जो आकाशाकडं असायला हवा होता,
जमिनीकडं गेला. कुणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी सोनाबाई भारा घेऊन आली,
न वाकता आत शिरली,
भारा टाकला, एका पाटीला दम दिला,
आणि हात झटकत बाहेर आली.
दाराकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

हौशीरामनं पाहिलं.
मग डबा माझ्याकडं सरकवला.
पुन्हा भरला होता.