शेरा

डंडीला चारलाच अंधार पडतो.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी आणखी एक टेबल मांडते:
औषधाचं नाव, मात्रा, वेळ, घेतली का.
अप्पांसाठी अक्षरं मोठी, बटण एकच.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी चोख.
इतक्या चोख, की सोमवारी सकाळीच
रविवारच्या रात्रीची गोळी घेऊन झालेली.
"तीस वर्षं मस्टर सांभाळलंय गं.
आगाऊ सह्या केल्या की साहेब कटकट करत नाही."

साहेब म्हणजे मी.

मग कुलूप घातलं: उद्याची खूण आज करता येणार नाही.
तरी रेडिएटरमागे सापडलीच मेटफॉर्मिन,
धुळीत, पांढरी,
कुठल्याच रकान्यात न बसणारी.

रिकामं म्हणजे शून्य नव्हे,
हे ऑफिसात नव्या पोरांना मीच शिकवते.

काल रात्री शेवटचा रकाना जोडला: शेरा.
सक्तीचा नाही. दोनशे अक्षरं.

आज सकाळी, आठ सतरा.
मेटफॉर्मिन: नाही.
शेरा: अजून उजाडलं नाही. चहात साखर घातली, दोन चमचे.
कुमुदनं डबा लपवला असता.

डॉक्टरांसाठी यादी छापायची आहे.
तीत हा रकाना घ्यावा की नाही,
कर्सर लुकलुकतोय.