मधलं पाणी

फेब्रुवारीत, सावळजला, बेदाण्याच्या शेडवर
आई तापली.
डिपिंगच्या टबाशी उभी राहून खोकत होती.
बाहुबली मगदूम म्हणाले, ताई, आता घरी जावा.

तिसऱ्या दिवशी मी.

मिरजेच्या कॉलेजात मी हेच शिकवते पोरांना,
फळ्यावर एक गोल, गोलावर खिळे.
घोंगडीत पडल्यावर मात्र वेगळंच सुचलं:
इन्फ्लुएंझाला स्वतःचं कातडं नसतं.
ज्या पेशीतून निघतो, तिचंच पांघरून येतो.
म्हणजे माझ्या घशाशी जो टेकला
तो आईचं कातडं घालून आला होता.
खिळे तेवढे त्याचे.

पेशीनं त्याला आत घेतलं, पिशवीत घालून.
पिशवी हळूहळू आंबट झाली,
कच्च्या सोनाकासारखी.
आंबट लागताच खिळा
उंदराच्या सापळ्यागत सुटला,
टोक माझ्या पडद्यात रुतवलं
आणि केसांच्या पिनेसारखा
स्वतःवरच दुमडत गेला
दोन्ही पडदे ओढत, जवळ, आणखी जवळ.

सगळ्यात अवघड मधलं पाणी.
दोन-चार रेणूंचा थर,
हटता हटत नाही.
द्राक्षातलं पाणी काढायला आम्हाला
तेल लागतं, पोटॅश लागतं,
जाळीवर पंधरा दिवसांचं वारं लागतं.
इथं तीन-चार खिळे एकदम दुमडले की झालं.

मग रश्श्यावरचे तेलाचे दोन डोळे
एकमेकांना टेकून थबकतात तसं:
बाहेरचा थर एक,
आतले अजून आपापले.
(दुपारी एकाच खाटेवर
आई आणि मी, पाठीला पाठ लावून.)

मग भोक.
भोकातून त्याचे आठ धागे आत,
पुढचं पुढं.

पण कातड्याचं काय झालं,
हे परीक्षेत कुणी विचारत नाही.
जाणार कुठं. मिसळलं.
आईच्या घशातली कणभर चरबी
माझ्या पेशीच्या पडद्यात राहिली.
ती पेशीही मेली असेल एव्हाना,
खोकल्याबरोबर बेसिनमध्ये गेली असेल.
आणि माझं कातडं पांघरून जे निघाले
ते कुणाकडं गेले?
तासगावच्या एसटीत शेजारी बसलेली
ती दोन वेण्यांची पोर?

आईला हे सगळं सांगितलं.
डोक्याला टॉवेल बांधून
ती मगदुमांना फोन लावत होती:
"दुसऱ्या टबातलं तेल बदला म्हटलेलं. बदललं का?"
मग फोनवर हात धरून, माझ्याकडं बघत:
"चरबी म्हणजे? मी काय जाडी हाय का?"