एकतीस जुलै, सहाच्या आत

थॅडचा फोन सातव्या इनिंगला येणार हे ठाऊक होतं,
म्हणून हॉटडॉग सहाव्यातच संपवला.
तोंडात घास असताना कुणाच्या पोराचा सौदा करू नये,
एवढं एक मी अजून पाळतो.

हरणाऱ्या संघाच्या मैदानात
शेवटची पंगत उठल्यानंतरचा निवांतपणा असतो.
मागे ओहायो नदी, तिच्यावर कोळशाचा एक पडाव,
पुढे रस्क. तेहतीस वर्षांचा, डावरा.
कर्व्ह अजून तोच,
टेबलाच्या कडेवरून चमचा पडावा तसा पडणारा.
रडार गन म्हणते, त्र्याण्णव.
गन खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

पाचव्यात, दोन बाद असताना,
त्यानं फलंदाजाकडे पाठ केली,
नदी बघतोय असं दाखवत
डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली,
पुन्हा उघडली.
कॅमेरा तेव्हा कुणाच्या तरी टोपीतल्या बाळावर होता.
कॅचर चालत गेला, ग्लव्हआड काही बोलला,
दोघे हसले.
हसू फार लवकर संपलं.

आमच्याकडे, तिकडे तलावाकाठी,
साडेतीन सामन्यांची आघाडी आहे
आणि धड पिचर अडीच.
करंडक येऊन एकेचाळीस वर्षं झाली.
माझा न्हावी लूडो म्हणतो, विका रे सगळी पोरं,
मी सत्त्याहत्तरचा,
मला भविष्यकाळ काय चाटायचाय?
खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणातून म्हणतं,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.
लूडो वस्तरा थांबवतो.
यातलं हातचं कुठलं, ते आधी सांग.

किंमत मागितलीय एलियाझारची.
शॉर्टस्टॉप. एकोणीस वर्षांचा.
बानीबाहेर, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत
मी त्याला पाहिलं तेव्हा सोळाचा होता,
दोन पायांत दोन मापांचे बूट,
आणि चेंडू जिथे येणार तिथे
हा आधीच जाऊन उभा,
जणू पत्ता विचारून आलाय.
आईनं अॅव्होकाडोची बशी सरकवून
करारासाठी टेबलावर जागा केली.
पैशाचं अक्षर काढलं नाही.
दुभाष्याकरवी एवढंच विचारलं,
तिकडे थंडी वाजली तर हा सांगणार कुणाला?
मी माझा नंबर लिहून दिला.
तीन एप्रिल झाले. दर एप्रिलला फोन येतो,
एकच शब्द, "थंडी",
मग हसणं, मग बसच्या इंजिनाची घरघर.

"बोल," थॅड म्हणाला.
थॅड एकतीसचा आहे, हुशार आहे, झोपलेला नाही.
रस्कसह एकोणीस टक्के, त्याच्याशिवाय अकरा.
मी बोटांचं सांगितलं.
"वैद्यकीय अहवाल स्वच्छ आहे."
मी पुन्हा बोटांचं सांगितलं.
"उघडली म्हणजे किती वेळा?"
"दोनदा."
त्यानं ते कुठेतरी टाइप केल्याचा आवाज आला.
दोन बोटं, म्हणजे टक्के किती कमी झाले
ते मला कळलं नाही.

चाळीस वर्षं मी घोड्यांचे दात मोजावेत
तसे खांदे मोजले, मनगटं मोजली,
आणि दर वेळी कुणीतरी वयात आलेला मुलगा
एका शहरातून उचलून दुसऱ्यात ठेवला.
चूक ठरलं तर ते दहा वर्षांनी कळतं.
बरोबर ठरलं तरीही.

आठ टक्के.
लूडोच्या वयाला आठ टक्के म्हणजे पुष्कळ.

"घे," मी म्हटलं.
"पण पोराला फोन मी करणार."

दुसऱ्या दिवशी सहाला वीस मिनिटं कमी.
तो बसमध्ये होता, मागे कुणीतरी गात होतं.
मी सगळं सांगितलं, स्पॅनिशमध्ये, चुका करत.
तो बराच वेळ गप्प.
मग विचारलं, त्या नदीकाठी एप्रिल कसा असतो?

तलावापेक्षा बरा, मी म्हणालो.
आणि नंबर?

नंबर तोच, म्हटलं.