सत्तर पानांचा प्रकार

ग्रामसभेच्या खोलीत पंखा नाही,
लॅपटॉपच आपला आपण घुरघुरतो.
बाहेर फडीवर तेंदूचे पुडे ओळीनं उन्हात,
आणि मी आत स्कीमा लिहितेय:
आमच्या चार गावांचा कोणता शब्द, कोणता आकडा
यंत्रानं घ्यायचा, कोणता परत धाडायचा.

यंत्र येतं थोड्याच शिदोरीवर.
स्ट्रिंग, म्हणजे काहीही.
डेट, म्हणजे तारीख.
इंटिजर, ज्याला खाली तळ नाही न वर आढं,
उणे चारशे पुडे सांगा, तो मुकाट लिहून घेईल.
म्हणून त्याच्यातूनच कापून काढला एक नवा.
नाव ठेवलं पुडासंख्या.
किमान शून्य, कमाल तीनशे,
कारण पहाटे जंगलात शिरून
दुपारपर्यंत एका घरानं याहून जास्त बांधलेलं
मुंशीच्या वहीत कुठं सापडलं नाही.

तारखेतून हंगामतारीख काढली.
स्ट्रिंगमधून फडीचं नाव:
कोसमटोला, येडगुडा, हिरदी, मोवाचा टोला.
पाचवं लिहिलं की लाल रेघ.

पहिल्याच रात्री एक गोष्ट कळली.
कापून काढलेला प्रकार
मूळ प्रकाराहून कधी मोठा होत नाही.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून?
बंधनं घालत जायची फक्त,
घालता घालता हाताला काहीतरी नेमकं लागतं.

पान हा एक प्रकार.
पानांची यादी हा दुसरा, लांबी बरोब्बर सत्तर.
यावर मी जरा खूश होते.

सुकमीबाई हलामी दाराशी टेकली.
"काऊन वं पोरी, का लिहून राह्यली?"
"तुमचा पुडा," मी म्हटलं.
तिनं ढिगातला एक उचलला, कडेवरून अंगठा फिरवला.
"हा नाही चालत तुया डब्यात. एक कमी हाय."
मी सोडून मोजला.
एकोणसत्तर.
तिनं कमरेच्या ओच्यातून एक पान काढलं, सरकवलं,
सालीची दोरी पुन्हा आवळली.
माझ्या व्हॅलिडेटरला एवढं येत नाही,
तो नुसता नाही म्हणतो.

मग तिचं कार्ड भरायला घेतलं.
नाव झालं. फडी झाली. जन्मतारीख?
"ज्या सालात मोवाले फुलंच नाही लागले, त्या सालची."
मी तसंच टाइप केलं, उगाच, बघू म्हणून.
लाल.
एक जानेवारी टाकायची सोय सगळीकडे असते,
गावातली अर्धी म्हातारी माणसं
कागदावर एकाच दिवशी जन्मलेली आहेत.
बोट त्या एकावर गेलंही होतं.

उशिरा आठवलं, कापण्याशिवाय अजून एक वाट आहे.
युनियन. दोन-तीन प्रकार एका ओसरीवर बसवायचे,
कुणीही एकानं हो म्हटलं की पुरे.
लिहिलं: तारीख, किंवा साल, किंवा आठवण.
आठवण स्ट्रिंगमधूनच घडवली.
किमान लांबी एक.
कमाल लिहायला घेतली, मग राहू दिली.

फाइल तालुक्याला गेलीय.
तिथल्या यंत्राचा स्कीमा वेगळा असेल,
येईलही परत.

छापलेले कागद वाऱ्यानं उडू नयेत
म्हणून त्यांच्यावर एक पुडा ठेवला होता.
निघताना सुकमीबाईनं तो उचलला,
अंगठा फिरवला,
काही न बोलता होता तिथं ठेवला.