मागल्या दाराची खोली

चिपळूणच्या आर्किटेक्टने नकाशात तिला नाव दिलं, स्टोअर.
साडेसात बाय सहा. खिडकी नाही.
घरातून तिच्यात जायला वाट नाही,
एकच दार, तेही विहिरीकडे उघडणारं.

बाकीचं घर सोपं होतं.
कौलं उतरवली, फुटकी वेगळी काढली,
उरलेली धुऊन पुन्हा चढवली.
माजघरातला कोबा राखला, मधोमध गेलेल्या भेगेसकट.
ही बुजवली तर शेजारी दुसरी पडेल, पाष्टे गवंडी म्हणाले.
तुळया फणसाच्या. त्यांना हात लावायचा नाही
हे न बोलताच ठरलं.
वायरी त्यांच्या मागून नेल्या,
जेवणाऱ्यांच्या पंक्तीमागून पोरांनी वाकून जावं तशा.
ओटा चार बोटं उंच केला, कारण मी उंच आहे,
आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पाठदुखी
हा काही जपायचा ठेवा नव्हे.
झोपाळ्याच्या कड्या घासून परत टांगल्या.
करकरतात. हृषी म्हणाला, करकरू देत,
तेल घातलंस तर मला झोप यायची नाही.

राहिली ती खोली.

तिथे कोण बसायचं, हे मला कुणी सांगितलं नाही.
सांगावं लागलं नाही.
कोनाड्यात एकच वाटी मावते.
उंबऱ्याबाहेर एक चिरा पुरलेला,
पाणी ओतणारीला शिवाशिव होऊ नये
इतका मोजून लांब.
मी ठरवलं होतं, पाडायची.
इतिहास इतिहास म्हणून काय काय सांभाळायचं?
काही गोष्टींचा मान पहारीनेच राखावा लागतो.

पाष्टे चुना खरवडत होते. थांबले.
'वहिनी, हे बघा.'

कोळशाच्या रेघा,
बसल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर.
चार, मग जागा. चार, मग जागा.
चार. चार. तीन, आणि एक अर्धी, पुसट.
मग हातभर भिंत कोरी.
आणि पुन्हा चार.

त्या कोऱ्या हातभरात मी रात्रभर
कुणाकुणाला जन्माला घातलं,
कुणाचं दुखणं, कुणाचं माहेर,
आणि पहाटे वाटलं, कोळसाच संपला असेल.

रविवारी मालूआत्या आली असगोलीहून, रिक्षाने.
एकोणऐंशी वर्षांची, याच घरातून लग्न होऊन गेलेली.
सगळं पाहिलं. नव्या ओट्यावर तळहात फिरवला.
गिझरचा नळ दोनदा सोडून बघितला,
'लगेच येतं की गो गरम!'
मी तिला रेघा दाखवल्या.
माझा आवाज देवळात लागतो तसा लागला असावा.
'त्या होय? नारळांच्या त्या. शेकडे.
पाडेली वर असायचा,
खाली कुणीतरी मोजत बसायचं.'
ती हसली. मीही हसले, तोंड पाडून.

मग म्हणाली, पाय भरून आले,
आणि मी ओढलेली खुर्ची सोडून
खाली बसली. त्याच भिंतीला टेकून,
गुडघे उजवीकडे वळवून,
कान नेमका कोऱ्या जागेवर.
चाचपडली नाही, सरकली नाही.
कितीतरी वेळाने, विहिरीकडे बघत,
'इथनं समुद्र ऐकू यायचा.
दिसायचा नाही.'

पहार लागली ती एवढ्यासाठीच,
माजघरातून एक दार
आणि पश्चिमेच्या भिंतीत एक खिडकी,
खाली, अगदी खाली.
पाष्ट्यांना ती अजून पटलेली नाही.
'उभ्या माणसाला काय दिसणार हिच्यातून?
स्वतःचे गुडघे?'
बसा, म्हटलं.
नको नको म्हणत, हात पुसत बसले,
सुपारीच्या खोडांमधून बघत राहिले,
बिडी पेटवायची विसरले.

रेघांवर चुना दिला नाही.
नारळ तर नारळ.