सार्वजनिक तपासणीची फाईल

बिलावर सात ओळी असतात.
पहिली आमची. बाकीच्या सहा आमच्या नव्हेत,
हे मी काउंटरवर दिवसातून वीसदा सांगते.
मिसेस ट्रेस्लर चष्मा कपाळावर सरकवून विचारतात,
"मग तुमच्या कागदावर कशाला?"

बरोचे पाच टक्के,
त्यांच्या रस्त्याच्या कडेनं आमची तार जाते म्हणून.
वीज कंपनीला खांबागणिक भाडं;
त्या दोन खांबांचंही, जे गेल्या हिमवादळात आडवे झाले
आणि कागदावर अजून ताठ उभे आहेत.
राज्याचा विक्रीकर.
वॉशिंग्टनचं नियामक शुल्क, महिन्याला नऊ सेंट.
नऊ सेंटांवरून कोण भांडणार, असं तुम्हाला वाटेल.
भांडतात.

पेनसिल्व्हेनियातलं, डोंगरांच्या खोबणीतलं हे गाव
कोळसा होता तोवर खाली बघून जगलं.
कोळसा सरला, तेव्हा लेनर्ड हुडॉकच्या बापानं वर बघितलं.
माथ्यावर अँटेना रोवला,
फिलाडेल्फियाचं चित्र झऱ्याच्या पाण्यासारखं
उतारावरून घरोघर आणलं.
तेव्हा कर नव्हता.
कर बसायला वस्तूला आधी नाव लागतं,
आणि ह्याला काय म्हणावं, सरकारला कळेना.
नाव पडलं,
आणि बारशालाच पहिलं बिल आलं.

लेनर्ड आता एकाहत्तरचा. म्हणतो,
माझ्या तारेपेक्षा माझे कागद लांब.
तिमाही विवरण. भोंग्याच्या चाचणीची नोंदवही.
कुठल्या वाहिनीला जागा द्यायची, कुठलीला नाही म्हणता येत नाही.
आणि ही फाईल :
प्रेक्षकांची पत्रं जपा,
कोणी मागितली तर कामाच्या वेळेत दाखवा.
ठरावीक वर्षांनी फाडली तरी चालतात.
पण लेनर्डनं एकदा दंड भरला होता,
तेव्हापासून ह्या घरात काहीच फाडलं जात नाही.
सव्वीस वर्षांत कोणी एकदाही मागितली नाही.
खालच्या खणात, हीटरच्या मागे,
मीच तिच्यावर पाय ठेवून बसायचे.

मार्चमधल्या एका मंगळवारी कॅझिमिर युर्कोनिस आला.
डबा परत केला. रिमोटही, चिकटपट्टी लावलेला.
"बंद कर," म्हणाला.
मी शेवटचं बिल काढलं. तो हलेना.
"आल्डोना तुम्हाला तक्रारी लिहायची.
आहेत का अजून?"

मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही,
असंही नियमात लिहिलंय.
मी विचारलं नाही.

अकरा पत्रं निघाली. निळी शाई, ओळी उजवीकडे चढत गेलेल्या.
पोल्काचा कार्यक्रम रविवारवरून का हलवला.
नऊ सेंट कशाचे.
पुन्हा, नऊ सेंट कशाचे, मागच्या पत्राला उत्तर नाही.
आणि एक, सहा नंबरच्या वाहिनीबद्दल,
जिथं आम्ही गावातल्या मृत्यूंच्या सूचना दाखवतो :
"तुमच्याकडे मेलेली माणसं फार भरभर सरकतात.
आडनाव वाचून होईतो माझी बहीण
पडद्यावरून गेलीसुद्धा."

तो उभ्यानंच वाचत राहिला.
मधे दोन गिऱ्हाइकं आली, भांडली, गेली.
मग म्हणाला, ह्याच्या नकला.
पानाला दहा सेंट, मी म्हटलं.
"वर कर?"
"वर कर."
तो पहिल्यांदाच हसला,
आणि सुटी नाणी एकेक करून काचेवर मांडली.

तो गेल्यावर पाहिलं,
त्या पत्रामागे लेनर्डच्या उत्तराची कार्बन प्रत टाचलेली :
आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, वेग कमी करण्यात येईल.
केला नव्हता.

कार्यालय बंद करून मी मागच्या खोलीत गेले,
जिथं यंत्रं रात्रभर घोंगावतात.
पडद्यावर आता एका वेळी चारच नावं.
मग थांबा. मग पुढची चार.
असल्या बदलाला कुठला फॉर्म लागतो का,
मी बघितलं नाही.