कडब्याचा रंग

बाजारात मिळतं की टूल.
वाळूजहून मागवलं तर उद्या दारात.
तरी जालन्यातल्या या पत्र्याखाली मी
जलीलभाईच्या भंगारातली कानस तापवत बसलोय.
दात झिजलेले. मुठीशी दोन ठिपके,
कुणाची तरी खूण.

लालभडक करून तेलात बुडवली.
आता ती काचेसारखी, पडली तर तुकडे.
घासून चकाकवली, पुन्हा मंद आचेवर धरली.
बल्ब बंद. दारातल्या उजेडातच रंग खरा कळतो.

कारखान्यात भिंतीवर तक्ता होता, डिग्र्यांचा.
खरात मिस्त्री त्याच्याकडं पाठ करून म्हणायचे,
"कडब्याचा झाला की काढ.
जांभळा दिसला तर घरी जा."

मी गिरणीच्या चाळीत वाढलेला.
बैलापुढं कधी पेंढी टाकली नाही.
मग एका रविवारी बदनापूरच्या रस्त्याला
सायकल थांबवून
ज्वारीचं एक ताट उचलून आणलं.
अजून आहे, खिळ्याला,
मायक्रोमीटरच्या शेजारी.

आला...
थांब, टोकाला अजून नाही...
आला. पाण्यात.

धार लावली, चकात लोखंड बांधलं,
सावकाश फिरवलं.
पहिली कुरळी तार निघाली
आणि लाईट गेली.

चक आपल्याच भारानं फिरत राहिला थोडा वेळ.
मी टूल काढून अंगठ्याच्या नखावर टेकवलं.
चावतंय.